शेवटच्या पानाविषयी: साखळी-उपाहारगृहांच्या चालकांस एक अनावृत पत्र

महाराष्ट्रातील साखळी-उपाहारगृहांचे चालक व संचालक यांस,



मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर आदी शहरांतून आपल्या ज्या शाखा एकाच नावाच्या पाटीखाली आणि एकाच चवीच्या हमीवर चालतात, त्यांत जेवावयास येणारा मनुष्य काही रसिकशिरोमणी नसतो. तो कचेरीतून सुटलेला आणि घरी स्वयंपाकाचा कंटाळा आलेला नोकरदार असतो, मुलीच्या निकालाचा आनंद साजरा करावयास निघालेले कुटुंब असते, किंवा बऱ्याच वर्षांनी एकत्र आलेले आणि कोठे बसावे यावर फारसा वाद न घालणारे चार मित्र असतात. अशा गिऱ्हाइकापुढे आपण जे भले थोरले मेन्यू कार्ड ठेवता, त्याच्या अखेरच्या पानावर, सरबते आणि मॉकटेल यांच्याही मागे, वाइनची जी यादी छापलेली असते तिच्याविषयी हे पत्र आहे. पंचतारांकित हॉटेलांच्या यादीची परीक्षा करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांना त्याबद्दल मानमरातबही मिळतो. आपल्या यादीकडे मात्र कोणी परीक्षकाच्या दृष्टीने पाहत नाही, आणि कोणी पाहत नाही म्हणूनच ती आज जशी आहे तशी राहिली आहे.

प्रारंभीच एक खुलासा करतो. मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांनी ते वर्ज्यच ठेवावे आणि हे पत्र येथेच मिटावे. परंतु जे आपण विकता, तेही सरकारी परवाना घेऊन, ते नीट विकावे एवढे म्हणण्याचा अधिकार गिऱ्हाइकास आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याची छाया या राज्यात अद्यापि आहे. बिअर आणि वाइन यांकरिता वयाची २१ वर्षे आणि कडक मद्याकरिता २५ वर्षे पुरी झालेली असावी लागतात, आणि पिणाऱ्याने जवळ जो परवाना बाळगावा अशी कायद्याची अपेक्षा आहे तो प्रकृतीच्या रक्षणार्थ दिला जातो. प्रकृतीच्या रक्षणार्थ परवाना देणाऱ्या राज्यात निदान शिळी वाइन तरी पुढ्यात येऊ नये, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

आता यादीची परीक्षा करावयाची म्हणजे काय करावयाचे? जाणते म्हणविणारे येथे कसे चुकतात याचे एक उदाहरण प्रसिद्धच आहे. अमेरिकेतील ‘वाइन स्पेक्टेटर’ हे नियतकालिक १९८१ पासून उपाहारगृहांच्या वाइन-याद्यांना पुरस्कार देत आले आहे. रॉबिन गोल्डस्टीन नावाच्या एका लेखकाने २००८ साली ‘ऑस्टेरिया लिंत्रेपिदो’ या नावाचे, मिलान शहरातील म्हणून दाखविलेले आणि कोठेही अस्तित्वात नसलेले एक उपाहारगृह कागदावर उभे केले, त्याची यादी तयार केली, २५० डॉलरचे प्रवेशशुल्क भरले, आणि यथाकाल त्या काल्पनिक उपाहारगृहास ‘अवॉर्ड ऑफ एक्सलन्स’ मिळाल्याचे जाहीर झाले. यातील खोच अशी की, त्या यादीच्या सर्वांत महागड्या भागात गोल्डस्टीन यांनी निवडून निवडून अशा इटालियन वाइन घातल्या होत्या, ज्यांना त्याच नियतकालिकाने पूर्वी हलक्या प्रतीचे गुण दिले होते. नियतकालिकाने आपल्या बाजूची कैफियत मांडली आणि आम्ही दूरध्वनीही केला होता असे सांगितले. पण जेथे ग्लास नाही, टेबल नाही, वेटर नाही आणि जेवणही नाही, अशा ठिकाणची यादी उत्कृष्ट ठरू शकते, हे एकदा सिद्ध झाले ते झालेच. यादीची लांबी, नावांचा भारदस्तपणा आणि छपाईची सुबकता यांवरून जो निवाडा होतो तो कागदाचा होतो. आपल्यासारख्या ठिकाणी माझ्या मते एकच प्रश्न विचारण्याजोगा आहे: वाइनमधले काहीही न कळणाऱ्या माणसाने या यादीवरील कोणत्याही नावावर बोट ठेवले, तर त्यास ताजा, योग्य तितका थंड आणि समोरच्या ताटाशी जुळणारा एक ग्लास, लुबाडले गेल्याची भावना न होता, मिळेल काय?

या कसोटीवर पाहू गेल्यास पहिली उणीव नजरेस येते ती सालाची. आपल्या यादीत वाइनचे नाव असते, रंग असतो, किंमत तर असतेच असते, कधी ‘फळांच्या सुगंधाने नटलेली’ असे एखादे विशेषणही असते. परंतु ती द्राक्षे कोणत्या वर्षी तोडली याचा उल्लेख बहुधा नसतो. हा उल्लेख म्हणजे शौकिनांचा चोचला आहे असा समज असेल तर तो चुकीचा आहे. नाशिककडील द्राक्षबागाईतदार एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करतो, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी करतो, आणि युरोपात द्राक्षतोडणीचा जो हंगाम उन्हाळ्याच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत चालतो तो आपल्याकडे जानेवारी ते मार्च या महिन्यांत येतो. थंडीच्या या कोवळ्या उन्हात तोडलेल्या शेनिन ब्लाँ किंवा सोव्हिन्यों ब्लाँ या जातींच्या द्राक्षांची पांढरी वाइन त्याच वर्षात बाटलीतून बाजारात येऊ शकते. आणि तिचे सारे वैभव म्हणजे तिचा ताजेपणा, तिची किंचित आंबट तरतरी, पेरू आणि लिंबाच्या सालीची आठवण करून देणारा तिचा वास. हे वैभव एकदोन वर्षांचे असते. त्यानंतर तीच वाइन, विशेषतः आपल्या हवेत, उतरू लागते. रंग पिवळा पडतो, वास मंदावतो, आणि हाती राहते ते एक निर्जीव आंबटपाणी. अशा वाइनचे साल न छापणे म्हणजे तिच्याविषयी सांगण्याजोगी मुख्य गोष्टच गाळणे होय.

एका शाखेत (ती कोणाची हे येथे महत्त्वाचे नाही) साल विचारले असता तेथील तरुण वेटरने मोठ्या अदबीने सांगितले, “सर, वाइन जितकी जुनी तितकी चांगली.” त्या मुलाला दोष देण्याचे कारण नाही; तो जे बोलला ते त्याने चित्रपटांतून आणि आपणा सर्वांच्या तोंडून ऐकलेले होते. जुनी झाल्याने सुधारणाऱ्या वाइन जगात आहेत, पण एकंदर उत्पादनाच्या मानाने त्या फार थोड्या, आणि आपल्या शेवटच्या पानावर त्यांपैकी एकही नसते. बाटली येते, तिचे साल गिऱ्हाईक पाहत नाही, आणि बारच्या मागील फळीवर, दिव्यांच्या झगमगाटात आणि बहुधा तंदूरच्या भिंतीला पाठ लावून ती महिनोन्महिने उभी असते. उजेड आणि ऊब हे वाइनचे दोन मोठे शत्रू आहेत. आपण शोभेच्या हौसेने बाटलीस दोहोंच्याही स्वाधीन करता.

उष्णतेचा विषय निघालाच आहे तर तापमानाचे प्रकरणही उरकून घेतो. लाल वाइन खोलीच्या तापमानावर द्यावी, असा एक नियम सर्वत्र पाठ म्हटला जातो. हा नियम ज्यांनी केला त्यांच्या खोल्या युरोपातील दगडी घरांच्या होत्या. वैशाखातील नागपूरची खोली त्यांच्या स्वप्नातही नव्हती. लाल वाइन सुमारे १५ ते १८ अंशांवर आणि पांढरी ८ ते १० अंशांवर द्यावी, एवढे हे साधे गणित आहे, आणि ते साधण्यास तळघराची गरज नाही. लाल वाइनची बाटली देण्यापूर्वी वीसपंचवीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवली तरी काम भागते.

दुसरी बाब आपल्या स्वयंपाकघराची आहे, आणि येथे थोडे रेंगाळण्याची परवानगी असावी, कारण माझा मुख्य आक्षेप येथेच आहे. आपल्या मेन्यू कार्डावर पनीर टिक्का असतो, चिली चिकन असते, सुरमई फ्राय असते, धूर ओकत येणारा सिझलर असतो, पिझ्झाही असतो. म्हणजे आमच्या शहरी जिभेने गेल्या काही दशकांत जे जे आपलेसे केले ते सर्व एका कार्डात नांदत असते. मग शेवटच्या पानावर जड, तुरट, लाकडी पिंपात मुरवलेल्या लाल वाइनचीच गर्दी का असावी? लाल वाइनमधील तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो, आणि तिखटाशी त्याचे हाडवैर आहे. मिरचीने पोळलेल्या जिभेवर तो अधिकच बोचतो, आणि मद्याचे प्रमाण जास्त असेल तर जाळ आणखी भडकतो. तिखटास शांत करणारी वस्तू म्हणजे किंचित गोडवा आणि थंडावा. नाशिकची शेनिन ब्लाँ, जिच्यात बहुतेक वेळा साखरेचा अंश थोडासा मागे ठेवलेला असतो, ती चिली चिकनशेजारी ठेवून पाहावी. जाणत्यांच्या मंडळीत जिला फार साधी म्हणून नाक मुरडले जाते तीच येथे खरी उपयोगी ठरते. रवा लावून तळलेल्या सुरमईस सोव्हिन्यों ब्लाँ चालते, कारण लिंबू पिळण्याचे काम ती आपण होऊनच करते. कांदाभजी किंवा तत्सम तेलकट पदार्थास बुडबुड्यांची कोरडी स्पार्कलिंग वाइन फार चांगली. तिचा आंबटपणा आणि तिचे बुडबुडे मिळून तेलाचा थर जिभेवरून उतरवितात. लाल वाइन हवीच असेल तर सिझलरवरच्या मटणास शिराझ जातीची द्यावी, आणि पिझ्झ्यावरील टोमॅटोस अकलूजची सांजोवेसे.

या जोड्या ठरविण्यास विलायतेहून तज्ज्ञ बोलावण्याचे कारण नाही. आपले मुख्य आचारी आणि खरेदी पाहणारे अधिकारी यांनी एक दुपार एका टेबलाशी बसून, आपल्याच कार्डावरील सर्वांत जास्त खपणारे पदार्थ पुढे घेऊन, चाखून पाहिले तर उत्तर सायंकाळपूर्वी हाती येईल. आज असे दिसते की, ही दोन खाती एकमेकांशी बोलतच नाहीत. जेवणाचे पान आचाऱ्याने लिहिलेले असते आणि शेवटचे पान वितरकाने. कित्येकदा कार्डाच्या छपाईचा खर्च पुरवठादाराकडून येतो आणि त्याच्या मोबदल्यात यादीतील जागा त्यास मिळते, ही या धंद्यातील जुनी वहिवाट आहे. व्यापार म्हणून तिला मी नाव ठेवीत नाही, पण मग त्या पानाला ‘आमची निवड’ असे शीर्षक तरी देऊ नये.

किंमतीविषयी बोलणे नाजूक आहे, तरी बोलतो. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच ग्लास निघतात, आणि पहिल्या ग्लासाच्या विक्रीतच बाटलीची खरेदी फिटावी, असा एक दंडक या व्यवसायात सांगितला जातो. त्याचे समर्थन असे की, उघडलेली बाटली दोनतीन दिवसांत बिघडते, उरलेले ग्लास गटारात जाण्याचा धोका असतो, आणि तो धोका किंमतीतच धरावा लागतो. युक्तिवाद मला मान्य आहे. मात्र त्याचा एक अर्थ असा होतो की, वाइन बिघडण्याचा विमा गिऱ्हाइकाने आगाऊ भरलेला आहे. आणि तरीही सोमवारी उघडलेली बाटली शनिवारी त्याच्याच ग्लासात ओतली गेली, तर हप्ता घेऊन दावा नाकारणाऱ्या विमा कंपनीहून आपण वेगळे कसे? बाटलीच्या मानेवर उघडल्याची तारीख लिहिलेली एक चिठ्ठी लावण्यास खर्च शून्य आहे. ग्लासात नेमके किती मिलिलिटर दिले जाते हे व्हिस्कीच्या पेगबाबत आपण कसोशीने छापता. वाइनबाबत ते मोघम का, याचाही खुलासा व्हावा.

यादीतील सर्वांत स्वस्त बाटली मागण्यास गिऱ्हाईक लाजते म्हणून तिच्या वरच्या, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या स्वस्त बाटलीवर चालक सर्वाधिक नफा लावतात, अशी एक समजूत सर्वत्र प्रचलित आहे. डेव्हिड डी मेझा आणि विक्रम पाठानिया या अर्थशास्त्रज्ञांनी लंडनमधील उपाहारगृहांच्या याद्या तपासून २०२१ साली दाखविले की, तेथे तरी हे खरे नाही. नफ्याचे प्रमाण यादीच्या मध्याच्या आसपास अधिक असते. आपल्याकडे काय आहे हे आपल्या जमाखर्चाच्या वह्यांनाच ठाऊक. पण त्या समजुतीच्या मुळाशी जी लाज आहे ती मात्र आपल्या टेबलांवरही रोज दिसते, आणि ती लाज गिऱ्हाइकाच्या स्वभावातून येत नाही, पानाच्या दुर्बोधतेतून येते. कळत नाही तेव्हा माणूस किंमत पाहून निवडतो, आणि किंमत पाहून निवडतो तेव्हा कंजूष दिसण्याची धास्ती घेतो.

परदेशी बाटल्यांचा मोह हाही याच दुर्बोधतेचा भाऊ आहे. आयात वाइनवर या देशात वर्षानुवर्षे १५० टक्के जकात होती. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ रोजी अंमलात आला तेव्हा तेथील ५ डॉलरहून अधिक आयात किंमतीच्या बाटलीवरील जकात १०० टक्क्यांवर आणि १५ डॉलरहून अधिक किंमतीच्या बाटलीवरील ७५ टक्क्यांवर आली. ५ डॉलरच्या आतील बाटलीस त्या सवलतीचा लाभ दिला गेला नाही. म्हणजे ज्या हलक्या आयात वाइनवर आपल्यासारख्यांची नजर असते, नेमके तिच्यावरच ओझे कायम राहिले. अशी बाटली जेव्हा आपल्या यादीत ‘आंतरराष्ट्रीय’ या भरजरी मथळ्याखाली येते, तेव्हा गिऱ्हाईक जी रक्कम मोजते तिच्यातील मोठा वाटा जकात, वाहतूक आणि आपला नफा यांचा असतो; द्राक्षाच्या वाट्याला फारच थोडे उरते. त्याच पैशात नाशिकची पहिल्या प्रतीची बाटली येते.

ती मात्र ‘देशी’ या मथळ्याखाली, पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत असते. ही गोष्ट मला खरोखर खुपते. नारायणगावी श्यामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात, फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने, स्पार्कलिंग वाइन करून ती परदेशी धाडली, तेव्हा महाराष्ट्रात वाइन म्हणजे गोव्याहून आणलेली गोड पोर्ट, एवढीच बहुतेकांची कल्पना होती. त्यांचा उद्योग पुढे कर्जात बुडाला. पण वाट पडली होती. अमेरिकेतील नोकरी सोडून परतलेल्या राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळील घरच्या जमिनीत वाइनची द्राक्षे लावली आणि त्यांच्या ‘सुला’ या वाइनच्या पहिल्या बाटल्या २००० साली बाजारात आल्या. २००१ साली राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्कची तजवीज केली. सोलापूर जिल्ह्यातील अकलूजला मोहिते-पाटील घराण्याने इटालियन भागीदारांसह ‘फ्रातेल्ली’ या वाइन-कारखान्याची उभारणी केली. दिंडोरीत फ्रान्सच्या शांदों या वाइन-कंपनीने आपला कारखाना थाटला. आणि ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावास भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही लाभले. ज्या मातीने आम्हांस थॉमसन आणि तास-ए-गणेश ही द्राक्षे खाऊ घातली, तीच माती शिराझ आणि शेनिन पिकविते. आणि हे सारे आपल्या मुंबई-पुण्याच्या शाखांपासून मोटारीने काही तासांच्या वाटेवर घडते. तरीही आपल्या पानावर दिंडोरी, अकलूज, निफाड ही गावे कोठे छापलेली दिसत नाहीत. चिलीचे खोरे मात्र दिसते.

२०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून व सुपरमार्केटमधून वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा या राज्यात केवढा गदारोळ उठला हे आपणांस स्मरत असेलच. वाइन कोठे विकावी यावर दोन्ही बाजूंनी रकानेच्या रकाने भरले गेले. जेथे ती परवान्याने आधीपासूनच विकली जात आहे तेथे ती कोणत्या अवस्थेत विकली जाते, याविषयी एक ओळही वाचल्याचे आठवत नाही. शेतकऱ्याच्या हिताचा दाखला त्या वादात वारंवार दिला गेला. शेतकऱ्याचे हित बाटली खपण्यात जितके आहे तितकेच ती नीट चाखली जाण्यातही आहे, कारण शिळ्या ग्लासाने दुखावलेला माणूस ‘आपल्याकडची वाइन म्हणजे असलीच’ असा निकाल देऊन मोकळा होतो, आणि त्या निकालाची शिक्षा आपणांस होत नाही, बागेला होते.

आता आपण काय करावे, असे विचाराल. यादी लहान करावी. आठ-दहा नावे पुरे, पण ती प्रत्येक शाखेत प्रत्यक्ष असावीत, कारण तिसऱ्या नावावर बोट ठेवल्यावर ‘ते संपले आहे’ असे ऐकणे ही आपल्याकडील नेहमीचीच गत आहे. प्रत्येक नावापुढे द्राक्षाची जात, गाव, साल आणि ग्लासाचे माप छापावे. वाइनची विशेषणे काढून टाकावीत आणि त्यांच्या जागी आपल्याच कार्डावरील एका पदार्थाचे नाव लिहावे. नवख्यास त्याहून अधिक मार्गदर्शन लागत नाही. अमेरिकेतील ऑलिव्ह गार्डन या आपल्याच जातीच्या साखळीने गिऱ्हाइकांस घोटभर वाइन चाखावयास देण्याचा प्रघात अनेक वर्षे पाळला. आपल्या परवान्याच्या अटींत ते बसत नसेल तर अर्धा ग्लास अर्ध्या किंमतीस द्यावा. आणि वेटरांना, ज्यांचे वय व ज्यांची इच्छा असेल त्यांना, वर्षातून एकदा नाशिकच्या बागा हंगामात दाखवाव्यात. द्राक्षे तोडली जाताना पाहिलेला मुलगा पुन्हा कधी जुनी ती चांगली असे म्हणणार नाही.

हे सर्व एकदम होणे नसेल तर आपल्या कार्डाची पुढील छपाई होईल तेव्हा, प्रुफे पसंतीसाठी आपल्या मेजावर येतील त्या दिवशी, शेवटच्या पानावर प्रत्येक वाइनपुढे फक्त साल घालण्याचा हुकूम द्यावा. बाकीच्या सुधारणा त्या चार अंकांच्या धाकाने आपोआप मागून येतील, अशी माझी खात्री आहे. तोपर्यंत या पत्राच्या वाचकांनीही आपल्या टेबलावर आलेल्या बाटलीचे साल विचारावे, आणि ग्लास मागविला असेल तर बाटली कधी उघडली हे विचारण्याचा संकोच करू नये.



आपला नम्र,
एक गिऱ्हाईक